अवे मॅचची बस: पैसे सीटवर घालायचे की गाडीवर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबच्या समर्थक समितीवर नुकताच निवडून आलेला एक मराठी मित्र विचारतोय, की परगावच्या मॅचला (इथल्या भाषेत अवे मॅचला) जाणाऱ्या बसच्या भाड्यात क्लबने सवलत द्यावी या मागणीवरून त्यांच्यात दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, खेळाडूंवर कोट्यवधी उधळणाऱ्या क्लबला बसचे चार पैसे जड का व्हावेत? दुसरा म्हणतो, ट्रेनने नाहीतर स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी काय घोडं मारलंय? तेच पैसे तिकिटावर सोडा. आणि क्लबचा माणूस बैठकीत म्हणाला, गेल्या वर्षी आम्ही सवलत दिली तरी बस अर्ध्या रिकाम्या गेल्या. यात बरोबर कोण?

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका क्लबच्या समर्थकांसाठी चौदा वर्षं बस लावतोय. क्लबचं नाव घेत नाही, कारण खाली काही तक्रारी येणार आहेत. काम बिनपगारी. शुक्रवारी रात्री वही घेऊन बसायचं, शनिवारी पहाटे पार्किंगमध्ये नावं वाचायची, आणि कोण झोपला, कोण चुकून दुसऱ्याच गावाच्या बसपाशी उभा आहे ते शोधायचं. माझे वडील सातारा जिल्ह्यात एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होते. जादा गाडी सोडायची की नाही, यावरून त्यांच्या डोक्याला होणारा ताप लहानपणी पाहिला होता. तोच आपल्या कपाळी येईल असं वाटलं नव्हतं.

आधी एक शब्द. कोच म्हटलं की आपल्याला प्रशिक्षक आठवतो, नाहीतर रेल्वेचा डबा. इथे लांब पल्ल्याच्या बसला कोच म्हणतात. मी सरळ बसच म्हणतो, नाहीतर 'क्लबने कोच बदलला' असं लिहायची पाळी येईल आणि वाचणारा भलतंच समजेल.

माझं मत विचाराल तर दोन्ही गट चुकीच्या गोष्टीवर भांडतायत. क्लबने पैसे घालावेत की नाही, यापेक्षा ते कशावर घालायचे हा प्रश्न मोठा आहे. सीटवर घातले तर बहुतेक वाया जातात, गाडीवर घातले तर कामी येतात. हे नुसतं बोलून पटत नाही, म्हणून हिशेब मांडतो.

समजा, ५३ सीटची एक बस दिवसभरासाठी १५०० पौंडांना मिळते. आकडा सोयीसाठी धरलाय, तुमच्या भागातला तुम्ही घाला. बस पूर्ण भरली तर माणशी २८ पौंडांच्या आसपास पडतात. ३० जणच आले तर ५० पौंड. आता गंमत बघा. ५४ वा माणूस आला की दुसरी बस लागते आणि खर्च ३००० होतो, म्हणजे माणशी साडेपंचावन्न. एका माणसामुळे भाडं दुप्पट. आमच्याकडे या ५४ व्या माणसाचा विनोद आहे. तो नेहमी शुक्रवारी संध्याकाळी फोन करतो, आणि त्याच्याबरोबर मेहुणाही असतो. मी त्याला प्रतीक्षा यादीत टाकतो आणि ऐंशीच्या आसपास नावं जमेपर्यंत दुसऱ्या गाडीचं नावही काढत नाही.

आता क्लब म्हणाला की प्रत्येक सीटमागे १० पौंड देतो. बस भरली तर क्लबचे ५३० पौंड जातात आणि भाडं अठरावर येतं. पण भरलेल्या बसला तशी गरज नव्हतीच. ती जवळची, शनिवारी दुपारी तीनची, चांगल्या प्रतिस्पर्ध्याची मॅच असते आणि लोक २८ देऊनही आले असते. उलट ३० माणसांच्या बसला क्लबकडून ३०० मिळतात आणि उरलेले १२०० तीस जणांत वाटले तरी माणशी ४० पौंड होतात. एवढं ऐकून त्यातले दहा जण गळतात, आणि मग मी बसच रद्द करतो. म्हणजे जिथे निभावून गेलं असतं तिथे क्लबचा जास्त पैसा गेला आणि जिथे गाडी अडली तिथे कमी.

याऐवजी असं करा. भाडं ठरवून टाका, समजा २५ पौंड, आणि क्लबला सांगा की उरलेला खड्डा तुम्ही भरा. भरलेल्या बसला क्लबला १७५ पौंड पडतील. ३० जणांच्या बसला ७५०. हंगामाचा एकूण आकडा पहिल्या पद्धतीच्या जवळपासच राहील, पण पैसा योग्य गाडीखाली जाईल.

याचा दुसरा फायदा हिशेबाच्या कागदावर दिसत नाही. 'चाळीस नावं आली तर बस जाईल' असं जाहीर केलं की लोक वाट बघत नाहीत. ट्रेनचं आगाऊ तिकीट लवकर काढलं तरच स्वस्त मिळतं, त्यामुळे शहाणा माणूस ते काढून मोकळा होतो आणि तुमची चाळीस कधीच भरत नाहीत. 'बस जाणारच, काहीही झालं तरी' असं तीन आठवडे आधी छापलं की पहिल्याच दिवशी वीस नावं येतात. वडील म्हणायचे, जत्रेची गाडी वेळापत्रकात लागली की स्टँड आपोआप भरतो, चौकशीच्या खिडकीवर 'बघू' असं उत्तर मिळालं की लोक जीप करून जातात. क्लबने खरं तर ही खात्री विकत घ्यायची असते.

आता तुमच्या क्लबच्या माणसाच्या रिकाम्या सीटबद्दल. तो खोटं बोलत नसावा. पण त्याला दोन गोष्टी विचारा. एक, त्या सीट विकल्याच गेल्या नव्हत्या, की विकून माणूस आला नाही? दोन, त्या मॅच कुठल्या वारी, किती वाजता होत्या?

पहिल्याचं उत्तर बहुधा भाड्यात असतं. आमच्याकडे एका वर्षी एका प्रायोजकाने एका मॅचची बस पूर्ण फुकट दिली. यादी दोन तासांत भरली. सकाळी बारा जण आलेच नाहीत, आणि ज्यांना मी 'जागा नाही' म्हणून परत पाठवलं होतं त्यांना घरून बोलवायला वेळ नव्हता. फुकट मिळालेली सीट सोडताना कुणाच्या पोटात दुखत नाही. त्यानंतर मी फुकट बस घेतच नाही. पाच पौंड तरी घेतो. हवं तर ते चढताना परत करा, पण आधी घ्या. आणखी एक प्रकार असतो तो एकेरी प्रवाशांचा. सवलतीच्या बसने न्यूकॅसलला जायचं, मॅच बघायची आणि मग मित्रांबरोबर शनिवार-रविवार तिथेच काढायचा. परतीची सीट रिकामी. माझा त्यांच्यावर राग नाही, मीही तरुणपणी तेच केलं असतं. पण क्लबच्या मोजणीत ती 'रिकामी सीट' म्हणून येते आणि पुढच्या बैठकीत तुमच्यावर उलटते. म्हणून जाताना आणि येताना दोन वेगळ्या याद्या ठेवा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टीव्हीत आहे, आणि तुमची खरी ताकद तिथेच आहे. मॅच मुळात शनिवारी तीनला ठरते, मग टीव्हीसाठी सोमवारी रात्री आठला ढकलली जाते. रात्री दहाच्या सुमाराला माणसं स्टेडियमबाहेर पडतात आणि लांबच्या गावाला जाणारी शेवटची ट्रेन केव्हाच गेलेली असते. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं. अशा मॅचला बस अर्धी जाते, कारण मंगळवारी पहाटे चारला घरी पोचणं सगळ्यांना परवडत नाही. पण जे जातात त्यांना बसशिवाय पर्यायच नसतो. २०१६ ते २०१९ या तीन हंगामांसाठी प्रीमियर लीगने, म्हणजे इथल्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेने, देशांतर्गत प्रक्षेपणाचे हक्क ५१३ कोटी ६० लाख पौंडांना विकले. मॅच कधी खेळायची हे ज्या पैशाने ठरतं, त्याच पैशातून परतीची बस सुटावी, एवढं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

ही रात्रीची बस महाग का पडते, हे समितीतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. लंडन ते न्यूकॅसल साधारण ४५० किलोमीटर. बसला वेगमर्यादा यंत्रानेच घातलेली असते, ताशी १०० किलोमीटर. वाटेतली गर्दी धरली तर जायला साडेपाच-सहा तास. जाऊन-येऊन अकरा तासांच्या वर ड्रायव्हिंग. पण चालकाला दिवसाला ९ तासच गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा १० तास. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची. टॅकोग्राफ नावाचं यंत्र हे सगळं टिपत असतं, त्याच्याशी गोड बोलून चालत नाही. म्हणजे त्या फेरीला दुसरा चालक हवाच, आणि त्याचा पगारही. म्हणून अंतर दीडपट झालं की भाडं दीडपटच वाढतं असं नाही. एका ठरावीक अंतरानंतर ते एकदम उडी मारतं. तुमच्या शहरापासून ती रेषा कुठे पडते ते बसवाल्याकडून लिहून घ्या. रेषेपलीकडची मैदानं पाच-सहाच निघतील. सवलतीची मागणी त्या पाच-सहा गावांची नावं घेऊन करा. 'सगळ्या अवे मॅचना सवलत द्या' या वाक्याला क्लबचा हिशेबनीस जितक्या सहज नाही म्हणतो, तितकं सहज नावांच्या यादीला म्हणता येत नाही.

आता दुसऱ्या गटाचा मुद्दा: ट्रेनवाल्यांचं काय?

मुद्दा वरवर न्यायाचा वाटतो, पण बसमध्ये कोण बसतं हे एकदा उभं राहून बघा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८५ च्या कायद्याने मॅचला जाणाऱ्या बसमध्ये दारू नेणं गुन्हा आहे, प्यायलेल्या अवस्थेत चढणंही गुन्हा. बाटली सापडली आणि आयोजकाला ती माहीत होती असं ठरलं, तर ज्याने बस भाड्याने घेतली त्याच्यावरही खटला होऊ शकतो. म्हणजे माझ्यावर. त्याखेरीज बसवाल्यांसाठी नियम आहेत: मॅचच्या दोन तासांपेक्षा आधी मैदानाशी पोचायचं नाही, संपल्यावर तासाभरात निघायचं, मैदानापासून दहा मैलांच्या आत पोलिसांच्या संमतीशिवाय दारूच्या ठिकाणी थांबायचं नाही. हायवेवरच्या कित्येक विश्रांतिस्थळांवर 'फुटबॉलच्या बस आगाऊ परवानगीशिवाय नाहीत' अशा पाट्या दिसतात. पाटीखाली उभं राहून सत्तर वर्षांच्या बाईंना 'तुम्ही शौचालयाला जाऊ शकत नाही' असं सांगायची वेळ माझ्यावर आली आहे. त्या दिवशी मी वाद घातला आणि हरलो. तेव्हापासून आधी फोन करतो.

या सगळ्याचा परिणाम असा, की ज्याला दिवसभर बिअर पीत मित्रांबरोबर मजा करायची आहे तो बसकडे फिरकत नाही. तो ट्रेनने जातो, आणि खुशाल जावो. बसमध्ये उरतात ती म्हातारी माणसं, शाळकरी मुलांना घेऊन आलेले आईबाप, एकट्या येणाऱ्या बायका, गाडी नसलेली आणि ट्रेनचं भाडं न झेपणारी पोरं. आमच्या बसमध्ये पुढच्या चार सीटवर बसणारे दोन निवृत्त भाऊ आहेत. त्यांचं एकमेकांशी बोलणं फक्त मॅचच्या दिवशी होतं, असं त्यांची बहीण सांगते. तेव्हा बसवरची सवलत म्हणजे सगळ्या समर्थकांतून आंधळेपणाने निवडलेल्या काही जणांवर कृपा नव्हे. ज्यांना दुसरा रस्ता नाही, ते स्वतःहूनच या बसमध्ये येऊन बसलेले असतात. तिकिटावर तीन पौंड सोडले तर सगळ्यांना तीन-तीन पौंड मिळतील आणि कुणाचाच प्रश्न सुटणार नाही.

व्हीलचेअरचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही, पण हा मुद्दा तुम्हीच आधी काढा. लिफ्ट असलेली बस वेळेवर मागून मिळत नाही, आणि एका व्हीलचेअरसाठी अनेक सीट काढाव्या लागतात. तो खर्च इतर प्रवाशांत वाटणं चूक आणि त्या एका माणसाकडून घेणं तर त्याहून चूक. तो क्लबने उचलायचा, यावर चर्चाही होऊ देऊ नका.

तिकिटाच्या सवलतीचा इतिहास माहीत असलेला बरा, कारण क्लबवाले तो ढालीसारखा वापरतात. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलच्या मैदानावरच्या मॅचसाठी मँचेस्टर सिटीच्या पाहुण्या समर्थकांना ६२ पौंडांचं तिकीट लावलं गेलं आणि सिटीने ९१२ तिकिटं न विकता परत पाठवली. त्यातून 'वीस पौंड पुरेत' अशी मोहीम उभी राहिली. त्याच वर्षी प्रीमियर लीगच्या क्लबांनी प्रत्येकी हंगामाला २ लाख पौंड पाहुण्या समर्थकांसाठी बाजूला काढायचं मान्य केलं. काहींनी त्यातून तिकिटं स्वस्त केली, काहींनी बस लावल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलचे समर्थक ७७ पौंडांच्या तिकिटाच्या निषेधार्थ ७७ व्या मिनिटाला उठून गेले, आणि २०१६-१७ पासून लीगमध्ये पाहुण्यांच्या तिकिटावर ३० पौंडांची कमाल मर्यादा आली.

ही मर्यादा हा मोठा विजय होता, वाद नाही. पण तेव्हापासून 'आम्ही तिकीट तीसवर आणलंच आहे की' हे उत्तर ऐकू येतं. यातली मेख लक्षात घ्या. पाहुण्यांचं तिकीट स्वस्त ठेवल्याने खिसा यजमान क्लबचा हलका होतो. तुमच्या क्लबने तुमच्या प्रवासासाठी त्यात काही घातलेलं नसतं. तुमचा क्लब दुसऱ्यांच्या समर्थकांसाठी सोसतो, दुसरे तुमच्यासाठी, हे कबूल. पण न्यूकॅसल आणि लंडनमधलं अंतर त्या तीस पौंडांत मोजलेलं नाही. आणि तुम्ही खालच्या विभागांत असाल तर तिथे ही मर्यादाही नाही.

लंडनच्या चेल्सी क्लबचं उदाहरण बैठकीत कुणीतरी काढेलच, म्हणून सांगतो. तिथे लंडनबाहेरच्या लीग मॅचना समर्थक अवघ्या १० पौंडांत बसने जाऊन येत असत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, नव्या मालकांनी खेळाडूंवर अब्जाच्या घरात पौंड ओतलेले असताना, ही सवलत बंद करायचं क्लबने ठरवलं. समर्थकांत भडका उडाला आणि क्लबने त्या हंगामापुरती सवलत पुन्हा चालू केली. लोक यातून 'बघा, ओरडलं की मिळतं' एवढंच शिकतात. मला त्यात दुसरं दिसतं. सवलत एकदा सरसकट दिली की ती काढताना क्लबची शोभा होते, म्हणून बाकीचे क्लब मुळात द्यायलाच घाबरतात. अमुक पाच मैदानं, अमुक वेळेनंतर सुरू होणाऱ्या मॅच, एवढ्या पौंडांपर्यंतची हमी, असं बांधून मागितलं तर देणाऱ्याचीही छाती होते.

एक सावधगिरी. क्लब कधी कधी फारच उदार होतो. ६ जानेवारी २०२४ ला एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत न्यूकॅसलचे ६००० समर्थक शेजारच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, संडरलँडला गेले, अंतर वीसेक किलोमीटर, बस फुकट. पण जायचं तर त्याच बसने, दुसरी मुभा नाही. वेल्समधल्या कार्डिफ आणि स्वान्झी या हाडवैऱ्यांच्या मॅचनाही कित्येक वर्षं हीच पद्धत होती. पोलिसांच्या दृष्टीने सोय, समर्थकांच्या दृष्टीने कोंडवाडा. स्टेडियमच्या शेजारी राहणाऱ्यानेही आधी दुसऱ्या गावात जाऊन बस पकडायची. तेव्हा करारात 'ही बस ऐच्छिक आहे, तिकीट बसशी बांधलं जाणार नाही' असं वाक्य असू द्या. सवलत देणारा हात पुढे मागे दोरीही धरू शकतो.

बैठकीला जाताना माझ्यासारखी वही न्या. गेल्या हंगामातली प्रत्येक अवे मॅच, वार, वेळ, एक चालक की दोन, किती नावं आली, किती जण चढले, किती जण परत आले, आणि कुठली बस किती नावांवर रद्द केली. रद्द झालेल्या गाड्या नक्की लिहा. क्लबकडे त्यांचा हिशेब कधीच नसतो, कारण न गेलेल्या बसचं बिल येत नाही. तुमची मागणी त्याच ओळींत आहे. आणि बसची कंपनी क्लबने परस्पर ठरवू नये, एवढं बघा. एका वर्षी आमच्या क्लबने सगळ्यात कमी दर देणाऱ्याला काम दिलं आणि फेब्रुवारीत रात्री एक वाजता आम्ही हायवेच्या कडेला हीटर बंद पडलेल्या बसमध्ये तीन तास बसलो. पर्यायी गाडी करारात होती, कंपनीकडे नव्हती. त्यानंतर मी पर्यायी गाडीचा नंबर आदल्या दिवशी मागून घेतो, आणि मिळाला नाही तर चढू देत नाही.

चालकाचं जेवण आणि परतीच्या वाटेवर त्याच्यासाठी टोपी फिरवून जमवलेले पैसे हे मात्र क्लबच्या हिशेबात घालू नका. ती टोपी बसमधल्यांनीच फिरवायची असते. हरलो असलो तरी.